सैरंध्रीचा हुद्दा

नवरीचा खोपा घालणे, तिच्या मुखावर रंग चढवणे आणि शेवटी केसांत फुले माळणे ही तीन कामे आज लग्नघरात ज्या एका बाईच्या हवाली केली जातात, तिला ‘मेकअप आर्टिस्ट’ म्हणून आपण मोकळे होतो. परंतु या हुद्द्यासाठी आपल्याकडे एक जुना आणि भारदस्त शब्द होता, आणि तो द्रौपदीचे एक टोपणनाव समजून आपण पुराणांच्या फडताळात ठेवून दिला आहे. तो शब्द म्हणजे सैरंध्री.

अमरकोशाने सैरंध्रीची जी व्याख्या केली आहे, ती कोणत्याही कारागिराने हेवा करावा अशी आहे: परक्याच्या घरी राहणारी, तरीही स्वतःच्या मर्जीची धनी असणारी, शिल्प जाणणारी स्त्री. मनुस्मृती मात्र इतकी उदार नाही. ती सैरंध्राला संकरजातींच्या यादीत बसवते, तो प्रसाधनात कुशल असतो, दास नसूनही दासाप्रमाणे जगतो, असे सांगते, आणि जाता जाता पारध्याचे जाळे हेही त्याच्या उपजीविकेचे साधन म्हणून नोंदवते. जाळ्याची गाठ आणि वेणीचा पेड एकाच बोटांना यावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

विराटपर्वातला प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. अज्ञातवासाला निघालेली द्रौपदी आपले मऊ, टोकाशी कुरळे केस वर उचलून उजव्या अंगाला लपवते आणि मळके वस्त्र नेसून विराटनगरात शिरते. (दुःशासनाच्या रक्ताने माखल्या हातांनी भीम वेणी बांधीपर्यंत केस मोकळे ठेवण्याची जी गोष्ट आपण ऐकत आलो, ती भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकाने रूढ केली.) राणी सुदेष्णेपुढे उभी राहून ती आपले गुण सांगते, ते एखाद्या उमेदवाराच्या अर्जासारखे नेमके आहेत: केशरचना येते, उटणी उत्तम वाटता येतात, मोगरा, कमळ, चाफा यांच्या चित्रविचित्र माळा गुंफता येतात. मागील चाकरीचा दाखला म्हणून ती सत्यभामेचे नाव घेते, आणि त्यापाठोपाठ, कोणत्या धैर्याने कोण जाणे, द्रौपदीचेही! शिवाय करारमदार असा की, तिला कोणी उष्टे देऊ नये आणि पाय धुवायला सांगू नये. कोशकाराचा ‘स्वतःच्या मर्जीची’ हा शब्द येथे प्रत्यक्ष अटींच्या रूपाने उभा राहतो.

या अर्जात माझ्या मते महत्त्वाचे आहे ते हे की, केस, लेप आणि फूल ही तीनही कामे एकाच हाताची मानली आहेत. वात्स्यायनाने चौसष्ट कलांची जंत्री केली, तेव्हा केशमर्दन वेगळे, माळा गुंफणे वेगळे, मस्तकावर फुलांचे शेखर आणि आपीड बसवणे वेगळे, कपाळावर लावण्यासाठी पानांच्या आकृती कातरणे वेगळे, अशी फोड केली. पण ती शिक्षणासाठी होती. पोटासाठी काम करणारीला असे तुकडे पाडून चालत नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आरशात पाहणारी जी राजस्त्री रंगवली आहे, तिच्याभोवती दासी प्रसाधनाचे साहित्य घेऊन उभ्या आहेत. चित्रकाराने हात अनेक दाखवले तरी प्रसाधन एकच आहे.

मराठी घरांत हा हुद्दा वेतनाचा राहिला नाही, तो नात्याचा झाला. वेणीफणी आईने किंवा आजीने, तिन्हीसांजेच्या आत, पायांच्या मध्ये मुलीला बसवून करायची. तिपेडी, चौपेडी, पाचपेडी, सणासुदीला सागरवेणी, आणि नवरीला खोपा, ही चढती श्रेणी कोणत्याही पाठशाळेवाचून पिढ्यान्‌पिढ्या हातांतून हातांत गेली. आमच्या आजीच्या बोटांना तेलाचा आणि शिकेकाईचा असा वास होता, की केस ओढल्याचे दुःख त्यात अर्धे विरून जाई. ‘वेणी’ हा शब्दही मराठीत आपला अर्थ पसरत गेला: केसांची ती वेणी, आणि त्यांवर माळायची फुलांचीही वेणीच, कोकणात ती अबोलीची असे, केळीच्या सोपाच्या धाग्यात गाठवलेली.

वेतनाची सैरंध्री परत आली ती रंगभूमीच्या मागच्या दाराने, आणि तीही पुरुषवेषात. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकाने 1907 साली सैरंध्रीला पारतंत्र्यात अपमानित झालेल्या देशाचे रूप दिले, आणि सरकारने 1910 साली ते नाटक जप्त केले. पण रंगमंचावरची ती सैरंध्री पुरुषच रंगवी, आणि तिला टोप चढवणारा रंगभूषाकारही पुरुषच. बालगंधर्वांचे नेसणे आणि फुले माळणे पाहून घरंदाज स्त्रियांनी आपली वेशभूषा बदलली, हा काळाचा विनोद सर्वश्रुत आहे. पुढे प्रभात कंपनीने 1933 साली ‘सैरंध्री’ चित्रपट रंगीत करण्याचा घाट घातला, त्याच्या प्रती जर्मनीत तयार करून घेतल्या, आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. मुखावर रंग चढवण्याचे काम चित्रपटसृष्टीने नाटकाकडून वारशाने घेतले, म्हणून ते पुरुषांकडे राहिले. नट्या आल्यावर त्यांच्या केसांसाठी बायका हव्या झाल्या, म्हणून केस तेवढे बायकांना मिळाले, असे मला दिसते.

सोय होती तोवर ठीक. परंतु तिचा नियम झाला. मुंबईतील चित्रपटव्यवसायाच्या रंगभूषाकार व केशभूषाकारांच्या संघटनेने रंगभूषेचे ओळखपत्र पुरुषांपुरते राखून ठेवले आणि स्त्रियांना केवळ केशभूषेचे देण्याचा शिरस्ता चालवला. ओळखपत्रावाचून काम करणारीला चित्रीकरणाच्या जागी दंड होत असे. रीतसर शिक्षण घेतलेल्या एका रंगभूषाकार स्त्रीने ही तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली, आणि 10 नोव्हेंबर 2014 रोजी न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवून ती कलमे रद्द केली.

आता शिकवणीच्या खोलीत मुली लाकडी तिवईवर बसवलेल्या कृत्रिम डोक्यावर पेड घालायला शिकतात. आधी तिपेडी, मग पाचपेडी, मग आकडे न दिसतील असा अंबाडा, आणि त्याच आठवड्यात, त्याच हातांनी, चेहऱ्याचा वर्ण पारखून लेप चढवणे. गजरा मात्र अगदी शेवटी माळायचा, नाहीतर मंगलाष्टकांच्या आधीच तो मान टाकतो.