हैदराबादहून मराठी बातम्या : निजामाच्या रेडिओपासून ई टीव्हीपर्यंत

9 जुलै 2000 रोजी ‘ई टीव्ही मराठी’ ही वाहिनी सुरू झाली. नांदेड-लातूरकडच्या घरांतून तिच्या बातम्या आवडीने पाहिल्या जात. निवेदकांची मराठी स्वच्छ, बातमी परभणीची, बिदरच्या सीमेवरची, कधी किनवटची. मात्र हे निवेदक ज्या स्टुडिओत बसत तो मुंबईत नव्हता आणि पुण्यातही नव्हता. तो होता हैदराबादबाहेरच्या रामोजी फिल्म सिटीत.

मराठी बातमी तेलुगू मुलखातून यावी याचे मुंबईकरांना नवल वाटले असेल. मराठवाड्याच्या दृष्टीने मात्र ही पुनरावृत्ती होती. आजचा धागा तिच्याविषयी.

हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते : आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. मराठी जिल्ह्यांत नांदेड होते. लातूर मात्र जिल्हा नव्हते. ते उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते, आणि त्याला जिल्ह्याचा दर्जा थेट 1982 साली मिळाला. कारभाराची भाषा उर्दू, विद्यापीठाची भाषा उर्दू. शाळेत मातृभाषा मिळावी यासाठी येथल्या माणसांना झगडावे लागले, हे आपण जाणतोच.

अशा राज्यात 1935 साली ‘दख्खन रेडिओ’ सुरू झाला. लोक त्याला सरळ ‘निजाम रेडिओ’ म्हणत. आरंभी प्रक्षेपणाची शक्ती अवघी 200 वॅट. भर उर्दूवर असला तरी तेलुगू, मराठी आणि कानडीलाही त्यात जागा होती. एका छपराखाली चार भाषा, आणि चारही भाषांत काय बोलायचे ते ठरवणारे दरबार एकच. मराठी ऐकू येत होती. मराठी माणसाचे म्हणणे ऐकू येत होते असे मात्र म्हणता येणार नाही.

1947-48 मध्ये हा फरक जिवावर बेतला. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातुरात वकिली करणारा गृहस्थ. गावोगाव जाळपोळ चालली असताना हैदराबादचा रेडिओ संस्थानाच्या स्वातंत्र्याचे गोडवे गात होता. ज्यांच्या घरी वा चावडीवर रेडिओ होता त्यांना दोन खऱ्या गोष्टींतून निवड करायची नव्हती. डोळ्यांसमोरचे वास्तव आणि कानावर पडणारा प्रचार यांतून करायची होती. माझ्या मते मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या मनात सरकारी बातमीविषयी जो संशय दिसतो, त्याचे एक मूळ येथे आहे.

13 सप्टेंबर 1948 रोजी पोलीस कारवाई सुरू झाली. 17 सप्टेंबरला निजाम स्वतः ध्वनिक्षेपकासमोर आला आणि त्याने शरणागतीचे भाषण केले. कन्हैयालाल मुन्शी त्या वेळी भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादेत होते. त्यांच्या आठवणींनुसार निजामाने तोवर रेडिओ केंद्रात पाऊलही ठेवले नव्हते. आपल्याच मालकीच्या केंद्रात तो पहिल्यांदा गेला, तो राज्य संपल्याचे सांगायला!

1 एप्रिल 1950 रोजी दख्खन रेडिओ आकाशवाणीत विलीन झाला. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. राजधानी बदलली तशी बातमीची दिशाही बदलली. परभणीला 1968 साली आकाशवाणीचे केंद्र झाले. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील यांच्या तोंडून मराठी बातमीला चेहरा मिळाला. पण कॅमेरा मुंबईत होता आणि नांदेड तेथून पावणेसहाशे किलोमीटरवर.

या अंतराची किंमत 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे कळली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. त्या दिवशी मराठीत चोवीस तासांची एकही बातमीवाहिनी नव्हती. होती ती ठरल्या वेळेची आकाशवाणी, ठरल्या वेळेचे दूरदर्शन आणि दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र. परदेशी वाहिन्यांनी किल्लारी जगाला दाखवली, ती इंग्रजीत. ज्यांचे आप्त ढिगाऱ्याखाली होते त्यांच्या भाषेत सतत बोलणारा पडदाच अस्तित्वात नव्हता.

याच दशकात जगात एक नवी रचना आकार घेत होती. अमेरिकेतील मायामी परिसरातून ‘तेलेनोतिसियास’ ही वाहिनी लॅटिन अमेरिकेसाठी स्पॅनिशमध्ये, आणि पुढे ब्राझीलसाठी पोर्तुगीजमध्येही बातम्या देऊ लागली. भाषा जेथे बोलली जाते त्या देशांबाहेर एक मोठे वृत्तकेंद्र उभारायचे, यंत्रणा एकच ठेवायची आणि भाषा बदलायच्या, असा तो हिशेब.

रामोजी रावांनी हैदराबादेत हेच केले. 1995 साली तेलुगू ‘ई टीव्ही’, मग काही वर्षांत मराठी, कानडी, बांगला, उर्दू आणि आणखी भाषा. यादी पाहा : तेलुगू, मराठी, कानडी, उर्दू. निजामाच्या रेडिओच्याच चार भाषा, त्याच शहरातून!

पण साम्य येथे संपते. रामोजी रावांचा पाया ‘ईनाडू’ हे तेलुगू दैनिक होते आणि त्याचे बळ जिल्ह्याच्या पानांत होते. तीच दृष्टी वाहिनीत आली. तालुक्यातला स्ट्रिंगर, त्याच्या हातातला कॅमेरा आणि गावच्या नावासकट पडद्यावर आलेली बातमी. निजामाच्या काळी शब्द हैदराबादहून गावाकडे येत. आता गावाकडून हैदराबादला जाऊ लागले. मराठी तरुण पत्रकारांची एक फळी तेथे तयार झाली आणि 2007 मध्ये ‘झी 24 तास’, ‘स्टार माझा’, 2008 मध्ये ‘आयबीएन लोकमत’ आल्यावर मुंबईला परतली.

त्यांच्याबरोबर केंद्रही परतले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पहिल्या फेरीच्या पाच लाख लिटर पाण्याभोवती कॅमेऱ्यांची झुंबड होती. किल्लारीच्या वेळी जे नव्हते ते सारे आता होते. तक्रार आहे ती इतकीच की टँकर आणि रेल्वे नसते, तेव्हा लातूर पडद्यावर फारसे नसते.

‘ई टीव्ही मराठी’चे 2015 साली ‘कलर्स मराठी’ झाले. 2019 मध्ये रामोजी समूहाने मोबाईलवर ‘ई टीव्ही भारत’ सुरू केले. त्यात मराठीही आहे, उर्दूही. आमच्या नांदेडचा रेल्वे विभाग आजही सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत मोडतो, आणि आजोबांच्या बोलण्यात ‘स्टेशन लावा’ म्हणजे अजूनही हैदराबादच.