अपाचींचा सूर्योदय-विधी

मुलगी वयात येणे ही आपल्याकडे आज बहुधा घराच्या चार भिंतींतली, कुजबुजीने बोलण्याची गोष्ट असते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील अपाची या आदिवासी समाजाने मात्र तिला साऱ्या गोताचा आनंदसोहळा मानले. अ‍ॅरिझोना राज्यातील व्हाइट माउंटन व सॅन कार्लोस या अपाचींच्या राखीव प्रदेशांत हा सूर्योदय-विधी आजही होतो.

त्याची तयारी कित्येक महिने चालते. प्रथम मुलीसाठी धर्ममाता निवडायची. ती सच्छील, कष्टाळू आणि शक्यतो नात्याबाहेरची असावी. मुलीचे आईवडील सूर्योदयापूर्वी तिच्या दारी जातात आणि गरुडाचे पीस पुढे ठेवतात. तिने ते स्वीकारले की दोन्ही कुटुंबे जन्मभरासाठी एकमेकांची होतात. स्नानसंस्काराच्या निमित्ताने असे नाते जोडणाऱ्या आपल्या कुटुंबांना यातील मर्म सहज उमगेल.

विधी चार दिवसांचा. धान्य, मांस, लाकूडफाटा, मांडव यांचा भार नातलग व शेजारी वाहतात. पहाटे मुलगी हरणाच्या कातड्यावर, पूर्वेकडे तोंड करून, हातातील काठी आपटीत नाचते. ही काठी तिच्या म्हातारपणीही तिला आधार देणार असते. वैदू-गायक एकामागून एक गीते गातो आणि पुरुष ढोल वाजवून त्याला साथ देतात. धर्ममाता मुलीचे अंग चोळून तिला बळ देते. पुढे मुलगी चारही दिशांना धावते. शेवटी लहानथोर रांगेने येऊन तिच्यावर पिवळे परागकण शिंपडतात व आशीर्वाद देतात. त्या दिवसांत तिच्या ठायी आदिमाता वास करते, अशी श्रद्धा असल्याने तेही तिचा आशीर्वाद मागतात.

१८८३ मध्ये अमेरिकन शासनाने आदिवासींची धार्मिक नृत्ये व वैदूंचे विधी गुन्हा ठरवले. शिधा रोखणे व तुरुंगवास या शिक्षा होत्या. अनेक मिशनऱ्यांनीही या बंदीची पाठराखण केली, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १८८६ मध्ये शरण आलेल्या चिरिकाहुआ अपाचींना तर बायकामुलांसह सत्तावीस वर्षे युद्धकैदी म्हणून ठेवले गेले.

प्रार्थना एकट्याने मनातल्या मनात म्हणता येते. हा विधी मात्र एका कुटुंबाला एकट्याने करताच येत नाही. म्हणून एकत्र जमण्यावरील बंदी त्याच्या मुळावरच घाव घालणारी होती. तरीही वृद्ध गायकांनी गीते मुखोद्गत ठेवली, आज्यांनी नातींना रीत शिकवली आणि संधी मिळेल तेव्हा माणसे जमत राहिली. १९३४ मध्ये शासनाने आपले धोरण बदलले; १९७८ मध्ये आदिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. तोवर टिकून राहिलेला विधी मग उघडपणे होऊ लागला.

आपल्या धर्मग्रामांतही मुलामुलींचा दृढीकरण संस्कार थाटाने होतो. छायाचित्रे निघतात, जेवणावळी उठतात. पण त्यानंतर त्या मुलांच्या पाठीशी जन्मभर उभे राहण्याचे व्रत आपल्यापैकी किती जण घेतात?