काकांची जीप

महालातल्या आमच्या घराच्या अंगणात मोठ्या काकांची जीप उभी आहे. परवा नातू म्हणाला, "आबा, भंगारात देऊन टाकू या?"

जीप ही युद्धाची लेक. १९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी सैन्यासाठी अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. रणांगणावर गॅरेज कुठलं? शिपायाला साध्या पान्यांनी उघडता यावी, अशीच तिची रचना. १९४७ मध्ये महिंद्राने विलिसचे सुटे भाग मागवले, आपल्याकडे जीप जोडली जाऊ लागली, आणि पुढे एक आमच्या काटोलच्या संत्र्याच्या बगीच्यातही आली.

काका चौथी शिकलेले. रविवारी अंगणात ताडपत्री अंथरून प्लग साफ करायचे, पॉइंट पॉलिशपेपरने घासायचे. मे महिन्याच्या उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन गाडी बंद पडे. मग काका इंजिनाजवळच्या पेट्रोलपंपाला ओलं फडकं गुंडाळून कडुनिंबाखाली बसत. पंप थंड झाला की जीप सुरू!

मी बी.ए. झालेला, इतिहासाचा मास्तर. मुलांकडून महायुद्धाच्या सनावळ्या घोकून घेतल्या. अंगणातलं महायुद्ध एकदाही दाखवलं नाही. काकांच्या हातातला पानाही कधी मागून घेतला नाही.

असो. नातवाला म्हटलं, भंगाराचं नंतर बघू. आधी बॉनेट उघड.