‘जागा घेतली’ म्हणजे विकत घेतली?

जुन्या पत्रात ‘गिरगाव सोडून दादरला जागा घेतली’ असं वाचलं, की आपण लगेच लिहून टाकतो: घर विकत घेतलं. मीही तेच केलं होतं. गाईडनी एवढंच विचारलं, “खरेदीखत कुठाय?” ते नव्हतंच!

जरा मागे जाऊ. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याने दादर-माटुंग्यात आखीव रस्ते काढून भूखंड भाडेपट्ट्याने दिले. पट्टेदाराने इमारत बांधायची आणि कुटुंबांनी तिथे भाड्याने राहायला जायचं, अशी ती रीत. गावदेवीत १९१५ मध्ये सारस्वत सोसायटी स्थापन झाली. तिथेही इमारती संस्थेच्या, सभासद तिचे भाडेकरू. फ्लॅटच्या विक्रीचं नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा तर थेट १९६३ चा.

म्हणून ‘घेतली’चा आजचा अर्थ जुन्या कागदावर लादू नका. आधी भाडेपावती, पट्टा, सभासद-नोंद शोधा. या एका क्रियापदापायी माझं अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. तुमचं तरी वाचू दे.