डोडोचे डोके आणि विद्यापीठाचा उघडा दरवाजा

१/ विद्यापीठाचे संग्रहालय म्हणजे पाहुण्यांना दाखवायची शोभेची इमारत, असा समज सर्वत्र आढळतो. ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन संग्रहालय १६८३ च्या मे महिन्यात उघडले, तेव्हा त्याची रचनाच निराळी होती. तळघरात रसायनशाळा, मधल्या मजल्यावर व्याख्यानांचे दालन, सर्वांत वर वस्तुसंग्रह. पहिले प्रमुख रॉबर्ट प्लॉट हेच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवीत.

२/ नाव इलायस अ‍ॅशमोल यांचे. पण संग्रहाचा गाभा जमवला तो जॉन ट्रॅडेस्कंट या एकाच नावाच्या पिता-पुत्रांनी. दोघेही व्यवसायाने माळी. लंडनजवळ लॅम्बेथ येथील त्यांचे घर पैसे देऊन कोणालाही पाहता येई. मुलाच्या मृत्यूनंतर त्याची विधवा हेस्टर आणि अ‍ॅशमोल यांच्यात संग्रहाच्या मालकीवरून दावा चालला. निकाल अ‍ॅशमोलच्या बाजूने लागला. १६७८ मध्ये हेस्टर स्वतःच्याच बागेतील तळ्यात बुडालेली आढळली. दारावरील नावात यातले काहीही उमटलेले नाही.

३/ दार मात्र खरोखरच उघडे राहिले. १७१० मध्ये झकारियास फॉन उफेनबाख हा जर्मन विद्वान तेथे आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. वर खेडुतांची ही गर्दी! सहा पेन्स दिले की स्त्रियांनासुद्धा प्रवेश मिळतो आणि लोक दिसेल ती वस्तू हाताळतात, याचा त्याला मनस्वी संताप आला. त्याच्या या तक्रारीमुळेच तेथे कोण येत असे, हे आज आपल्याला कळते.

४/ वस्तूंचे हाल झाले, हेही खरे. ट्रॅडेस्कंटांच्या संग्रहात पेंढा भरलेला एक डोडो होता. तो कुजत गेला आणि १७५५ च्या सुमारास काढून टाकण्यात आला. तो जाळायला निघाले असता कोणीतरी डोके आणि पाय आगीतून ओढून काढले, ही रंजक कथा बहुधा दंतकथाच. उरले ते एक डोके आणि एक पाय.

५/ पण त्या अवशेषांनी पुढे जे शिकवले ते अख्ख्या पक्ष्यालाही क्वचितच जमले असते. १८४८ मध्ये स्ट्रिकलंड आणि मेलव्हिल यांनी ते तपासून डोडो हा कबुतरांच्या कुळातला असल्याचे सप्रमाण मांडले. २००२ मध्ये त्याच अवशेषांतून डीएनए मिळाला आणि त्याचा सर्वांत जवळचा हयात नातलग निघाला निकोबारी कबुतर. म्हणजे आपल्याच अंदमान-निकोबारचा रहिवासी.

६/ १६३८ मध्ये लंडनमध्ये एक जिवंत डोडो लोकांना दाखवला जात असे. ऑक्सफर्डचा डोडो तोच असावा, असे बराच काळ मानले गेले. २०१८ मध्ये कवटीचे क्ष-किरण स्कॅन केले, तेव्हा डोक्याच्या मागील बाजूस शिशाचे छर्रे दिसले. हा पक्षी गोळी घालून मारलेला होता. कोणी आणि कुठे मारला, याचा शोध आता नव्याने घ्यावा लागत आहे.