मोठा इंटरकूलर म्हणजे चांगला इंटरकूलर? एका लढाऊ विमानाने दिलेलं उत्तर

आज आपण गॅरेजमध्ये शिरणार आहोत, पण इतिहासाच्या दारातून.

टर्बो गाडी घरात आली की काही दिवसांतच मोबाईलवर व्हिडिओ यायला लागतात. कंपनीचा इंटरकूलर काढा, हा मोठा बसवा, ताकद वाढवा! किंमत बघून आधी पोटात गोळा येतो आणि मग मोहही होतो. मोठा आहे म्हणजे चांगलाच असणार ना? माझं म्हणणं असं, की या प्रश्नाचं उत्तर ऐंशी वर्षांपूर्वीच मिळालंय. आणि ते फार महागात पडलेलं उत्तर आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते बघू. सायकलमध्ये जोरजोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक गरम होतं. हवा दाबली की ती तापते. टर्बोत हेच होतं, फक्त कितीतरी जास्त. 25 अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबावर नेली, तर ती साधारण 110 ते 120 अंशांवर बाहेर पडते. गरम हवा विरळ असते, म्हणजे दाबून जे कमावलं त्यातलं बरंच उष्णतेत गेलं. शिवाय पेट्रोल इंजिनात इतकी गरम हवा गेली की मिश्रण वेळेआधी, आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि त्याने पिस्टनसुद्धा फुटू शकतो. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये हवेसाठी एक रेडिएटर बसवतात. तोच इंटरकूलर. 120 अंशांची हवा 50 वर आणली, तर त्याच दाबाला जवळपास 20 टक्के जास्त हवा मावते.

आता इतिहास. टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या अल्फ्रेड ब्युची यांची, पेटंट 1905 चं. पण तो वाढला विमानांमुळे. उंचावर हवा विरळ, तिथे इंजिनाचा दम तुटतो. 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं इंजिन 14,000 फुटांवरच्या पाईक्स पीक डोंगरावर नेलं आणि टर्बो लावून चालवून दाखवलं.

पुढे दुसऱ्या महायुद्धात आलं लॉकहीडचं पी-38 लायटनिंग. दोन इंजिनं, दोघांना टर्बो. इंजिनिअर लोकांनी डोकं लढवलं आणि तापलेली हवा पंखाच्या पुढच्या कडेच्या आतून फिरवली. बाहेरच्या वाऱ्याने पंखाचा पत्रा थंड, पत्र्याने आतली हवा थंड. वेगळा रेडिएटर नको, वाऱ्याला अडथळा नको. झकास! पण हे गणित साधारण 1000 हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी होतं. पुढे इंजिन 1425 हॉर्सपॉवरपर्यंत गेलं आणि पंख तेवढाच राहिला. ताकद कागदावर होती, पण उंचावर गेल्यावर पायलटला ती पूर्ण वापरता येईना.

म्हणून 1943 मध्ये पी-38 जे आलं. यात इंजिनाखाली, हनुवटीसारख्या भागात, रेडिएटरच्या पद्धतीचा दमदार इंटरकूलर होता. पंखात मोकळ्या झालेल्या जागेत दोन्ही बाजूंना 55-55 गॅलन इंधनाच्या टाक्याही बसल्या. प्रश्न सुटला?

थांबा जरा. 1943-44 चा हिवाळा. हीच विमानं बॉम्बफेकी विमानांची सोबत करत जर्मनीवर जायला लागली. उंची 25 ते 30 हजार फूट, बाहेर उणे 40-50 अंश. आता नवा इंटरकूलर हवा गरजेपेक्षा जास्त थंड करू लागला. इंधनाची नीट वाफ होईना, त्यातले घटक वेगळे पडू लागले, इंजिनं अडखळली, काही तर फुटली. इंधनाचा दर्जा आणि पायलटांची इंजिन चालवण्याची पद्धत हीसुद्धा कारणं होतीच. पण गाडी बंद पडली तर आपण ती कडेला घेतो. इथे खाली शत्रूचा मुलूख होता.

मला हा किस्सा महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, की एकाच विमानात इंटरकूलर आधी अपुरा पडला आणि मग अति झाला. लहान-मोठा हा मुद्दाच नव्हता. कोणत्या इंजिनासाठी आणि कोणत्या हवेसाठी, हा मुद्दा होता.

गाड्यांच्या दुनियेत हाच धडा परत गिरवला गेला. 1962 च्या ओल्ड्समोबाईल जेटफायरला टर्बो होता, पण इंटरकूलर नव्हता. नॉकिंग थांबवायला पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण आत फवारायचे. मालक ते भरायलाच विसरायचे! दोन वर्षांत मॉडेल बंद. पोर्शे 911 टर्बोने 1975 मध्ये इंटरकूलरशिवाय सुरुवात केली, तेव्हा 260 हॉर्सपॉवर होते. 1978 मध्ये इंजिन 3.0 वरून 3.3 लिटर झालं, मागच्या स्पॉयलरखाली इंटरकूलर आला आणि ताकद 300 वर गेली. जपानमध्ये सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सने तो इंजिनावर बसवला. पाईप आखूड, प्रतिसाद चटकन, पण खालून इंजिनाची धग. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनने तो बंपरमागे ठेवला. तिथे वारा भरपूर, पण पाईप लांब. दोघांनी आपापला सौदा केला.

म्हणजे तुम्ही खरेदी करताना सौदाच करताय. मोठ्या इंटरकूलरमधून जाताना हवेचा दाब जास्त पडला, तर तेवढा बूस्ट द्यायला टर्बोला जास्त राबावं लागतं, आणि हवा पुन्हा जास्त तापते. तो एसीच्या कंडेन्सरपुढे आणि रेडिएटरपुढे आला, तर त्यांचा वारा अडतो. मे महिन्यात नागपूरच्या सिग्नलवर हे लगेच जाणवेल. म्हणून विकणाऱ्याला विचारा, किती हवेला किती दाब पडतो? सलग तीन-चार वेळा जोरात पळवल्यावर बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान किती? उत्तराऐवजी नुसती चकाकी दाखवली, तर पाकीट खिशातच राहू द्या.

त्याआधी एक करा. ओबीडी रीडर गाडीला जोडा, मोबाईलवर इनटेक हवेचं तापमान बघा. आकडे बघायला शेजारी मित्राला बसवा, स्टिअरिंग तुमच्या हातात. जोर लावल्यावरही ते बाहेरच्या हवेपेक्षा थोडंच वर राहत असेल, तर कंपनीचा इंटरकूलर आपलं काम चोख करतोय. दर खेपेला चढतच गेलं, तर बदलाचा विचार रास्त आहे. मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, आणि वॉरंटी-विम्याचा प्रश्न वेगळाच. तेही आधी तपासून घ्या.

तुमच्या गाडीचे आकडे काय आले ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!