बागेमागील सभा

आज ज्यास आपण वाशीम म्हणतों, त्या नगराचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. वात्स्यायनाच्या कामसूत्रांतही तिचा उल्लेख येतो. त्याच ग्रंथांत घरची बाग राखणें हें गृहिणीचें एक कर्तव्य म्हणून सांगितलें आहे. भाज्यांचे वाफे, ऊंस, जिरें व मोहरी तिनें लावावीं. आवळा, मोगरा, जाई व जास्वंद वाढवावीं. आणि मध्यभागीं विहीर किंवा तळें खणवावें, इतका तपशील तेथें आहे.

अशी बाग एका घराची असते; घर मोडलें कीं ती मोडते. राजाच्या उपवनाचीही तीच गत. अनेक घरांनीं एकत्र येऊन, वर्गणी काढून बागकामाची विद्या जोपासावी, ही सभेची रीत आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत रुजली.

अशा सभांत ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही जुनी व महत्त्वाची. तिचा जन्म १८३० सालचा. १८३५ सालीं सरकारनें तिला मुंबईस शिवडी येथें जागा दिली. १८६१ सालीं ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठीं परत घेतली गेली, आणि बदल्यांत माझगांवकडील ३३ एकर जमीन मिळाली. एकदां लावलेलीं झाडें मागें टाकून पुन्हां आरंभ करणें म्हणजे काय, हें बाग केलेल्या माणसासच कळेल. तरीही मंडळी खचली नाहीं. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या पत्नीच्या हस्ते नव्या बागेचें उद्घाटन झालें. हीच राणीची बाग. आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

पुढें ११ वर्षांतच, १८७३ सालीं, मुंबईंतील ही सभा बंद पडली व बाग नगरपालिकेकडे गेली. बाग वांचली हें खरें. तेथें आजही पुष्पप्रदर्शन भरतें. परंतु तें महापालिका भरविते. नागरिक तेथें पाहुणा आहे, यजमान नाहीं.

पुण्याचें चित्र निराळें आहे. तेथील सुमारें ३९ एकरांची एम्प्रेस बाग याच नांवाची संस्था चालविते, आणि आपली स्थापना ती १८३० चीच सांगते. दर जानेवारींत तिचें पुष्पप्रदर्शन भरतें. प्रदर्शन थोड्या दिवसांचें, पण त्यामागील काम बारा महिन्यांचें असतें. पावसाळ्यांत कलमें बांधावयाचीं, ऑक्टोबरांत गुलाबाची छाटणी करावयाची, थंडींत कुंड्या सजवावयाच्या, उन्हाळ्यांत आळीं भिजवून रोपें जगवावयाचीं. माणसाला बक्षिसाची हौस असते खरी. परंतु शेजाऱ्याचा गुलाब आपल्याहून टपोरा कां, हें विचारण्याची संधि बक्षिसाहून मोलाची. त्या एका प्रश्नांतून खताचें, छाटणीचें, किडीचें ज्ञान या घरांतून त्या घरांत जातें.

आम्हांस वाटतें, या दोन हकीकतींचा बोध वऱ्हाडच्या गांवांनीं घ्यावा. येथील काळी जमीन पावसांत चिकट होते आणि वैशाखांत भेगाळते. पुणें-मुंबईच्या पुस्तकी सूचना तिला जशाच्या तशा लागू पडत नाहींत. कोणतें झाड कोणत्या विहिरीच्या पाण्यावर तगलें, हें येथल्याच आज्यांना व माळ्यांना ठाऊक. तें ज्ञान कागदावर नाहीं. तीं माणसें गेलीं म्हणजे तेंही जाईल. दहा-वीस कुटुंबांनीं वर्षांतून तीन-चार वेळां जमावें, मृगाच्या सुमारास बी व कलमें वांटावीं, थंडींत आपापल्या कुंड्या एका ओसरीवर मांडाव्या आणि वर्षाची टिपणें एका वहींत लिहून ठेवावीं, एवढ्यानें सभा उभी राहते. पैसा व जमीन मागाहून मिळतात. मुंबईची बाग पगारी माळ्यांनीं राखली. सभा मात्र सभासदांवांचून दुसऱ्या कोणास राखतां येत नाहीं.